मधल्या दाराचा दाखला

११ फेब्रुवारी, मंगळवार

घर पाहावं बांधून म्हणतात. ज्याने हे म्हटलं त्याने घर विकून पाहिलेलं नसणार.

सकाळी दलालाचा फोन आला. घेणारं जोडपं पक्कं आहे. दोघंही शाळेत शिकवतात, एक मूल आहे, घर आवडलंय. पण त्यांचा वकील म्हणतो, मंजूर नकाशात आणि प्रत्यक्ष घरात तीन ठिकाणी फरक आहे. तिन्ही बदल नियमित असल्याचा दाखला आणा, मग खरेदीखत. मुदत मार्चअखेर. त्यानंतर ते दुसरं घर बघणार.

ते तीन फरक असे. मागची गॅलरी बंद करून केलेली न्हाणी. स्वयंपाकघराची मोठी केलेली खिडकी. आणि आमचं अर्धं घर व थोरल्या दिरांचं अर्धं घर यांच्यामधलं दार. ते नकाशात आहे, भिंतीत नाही.

मी पस्तीस वर्षं हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात काढली. ज्याचा कागद नाही ते घडलंच नाही, असं कितीतरी जणांना तोंडावर सांगितलंय. आता माझ्याच घरात घडलेल्या तीन गोष्टींचा साधा चिटोरा नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

ह्यांना सांगितलं. हे पेपर वाचत होते. म्हणाले, "मग राहू दे की विकायचं."

राहू दे म्हणे. लेकीला एप्रिलमध्ये दुसरं मूल होणार. तिने तिच्या शेजारीच तळमजल्यावरच्या दोन खोल्या आपल्यासाठी बघून ठेवल्या आहेत. ह्यांना जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून दम खावा लागतो, माझे गुडघे बोलतात. आणि मला या घराचा कंटाळा आलाय. खरं तेच लिहिते: या घराचा नाही, त्या भिंतीचा. पलीकडून भांडं वाजलं तरी मी कान टवकारते. एकोणीस वर्षं कान टवकारून माणूस थकतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

इंजिनीअर आली. आमच्या लेकीपेक्षाही लहान असेल. हातात इवलीशी हातोडी. भिंतीवर टकटक करते आणि डॉक्टरसारखा कान देऊन ऐकते. मला काकू म्हणाली, ह्यांना काका.

न्हाणीत बादलीभर पाणी ओतून उतार पाहिला. खिडकीवरची तुळई ठोकून पाहिली. म्हणाली, "काम कोणी केलंय हे?"

मी म्हटलं, "ह्यांनी आणि ह्यांच्या थोरल्या भावाने. हे बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, भाऊजी सुतार."

"फार चोख केलंय. हे दोन्ही दाखले निघतील."

हे एवढे फुगले की आता हिला फिरवून सगळं घर दाखवतात असं वाटलं. खिडकीच्या वेळी दादाने कसा ओळंबा धरला होता, हे दहा मिनिटं चाललं. दोघांच्या हाताला काम नसलं की खाज सुटायची, हे मात्र खरं.

मग तिसरं. दार होतं ती जागा अडगळीच्या खोलीत आहे. तिथे ह्यांचं हत्यारांचं कपाट भिंतीला टेकून उभं आहे. मुलगी म्हणाली, "कपाट जरा हलवू या."

"किल्ली सापडत नाही," हे म्हणाले.

"काका, उघडायचं नाही, फक्त सरकवायचंय."

"आत लोखंड आहे. जड आहे. कमरेत उसण भरेल कुणाच्या तरी."

ती पुढच्या आठवड्यात गवंड्याला घेऊन येते म्हणाली. अंधारात पडलेला वॉशर चाचपून काढणारा हा माणूस, ह्यांना किल्ली सापडत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

किल्ली अजून सापडलेली नाही. लेकीचा फोन. "आई, होईल ना ग वेळेत?" मी म्हटलं, होईल. 

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज शोभा झाली.

गवंडी आणि त्याचा माणूस, दोघांनी मिळून कपाट ओढलं. ते काही फार जड नव्हतं. ओढलं तर कपाटाला पाठच नाही! मागची फळी कापून काढलेली. गवंडी हसायला लागला. ह्यांचं उत्तर तयार, "वाळवी लागली होती." हे खोलीत आलेच नाहीत. गुडघा दुखतो म्हणून बाहेर खुर्चीत बसून उत्तरं देत होते.

मागे भिंतीवर दाराचा आकार स्पष्ट दिसत होता. छातीच्या उंचीवर एका विटेवर गिलावा केलेलाच नव्हता. नुसती वीट, चारी बाजूंनी मोकळी. इंजिनीअर मुलीने हातोडी वाजवली, आवाज बद्द आला. मग तिने स्क्रूड्रायव्हरने थोडा गिलावा उकरला आणि आत बोट घातलं. बोटाला माती.

"काकू, हे सिमेंट नाही. चिखलात विटा रचल्यात. आणि जुन्या भिंतीत कुठे गुंतवलेल्याही नाहीत, नुसत्या चौकटीत उभ्या आहेत." मग बाहेर वाकून विचारलं, "काका, हे दार कोणी भरलं?"

"आम्हीच. मी इकडून, दादा तिकडून."

"बाकी काम इतकं चोख आणि हेच असं कसं?"

"सिमेंट संपलं होतं."

"आणि ही वीट?"

"ओल येते का ते बघायला ठेवली होती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती वीट मी काढून हातात घेऊन पाहिली, मागे नुसता काळोख. कडा गुळगुळीत, धुळीचा कण नाही. ओल बघायला माणूस वीट रोज पुसून ठेवतो का? पण ह्यांना हत्यारंही पुसायची सवय आहे.

मुलीने निकाल दिला तो असा. ही भराई काढावीच लागेल. मग दोन रस्ते आहेत. एक, सिमेंटमध्ये नीट नऊ इंची भिंत घालायची, जुन्या विटांत गुंतवून. दुसरा, मूळ नकाशात दार आहेच, ते परत बसवायचं. मग त्या जागेपुरता कसलाच दाखला लागत नाही.

मी लगेच म्हटलं, भिंत. विकत घेणारे परक्यांच्या घरात उघडणारं दार कशाला ठेवतील?

"मग पलीकडच्यांची सही लागेल," ती म्हणाली. "भिंत दोघांची आहे."

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात, पण इथे शेपूटच हत्तीएवढं आहे.

ह्या दोघा भावांनी ते दार भरलं तो रविवार मला आठवतो. मी स्वयंपाकघरात होते. आतून हसण्याचा आवाज येत होता. घर फुटतंय आणि हे दोघे विटा रचत हसतात, म्हणून मी आणखीच चिडले होते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सही आणायचं काम ह्यांनी आपणहून अंगावर घेतलं. मी म्हटलं, एकोणीस वर्षांत उंबरा ओलांडला नाहीत, जमेल का? "जमेल," म्हणाले.

काल विचारलं तर, "दादा झोपलाय." परवा विचारलं तेव्हा, "वहिनी बाहेर गेल्यात." आज, "दादाचं पोट बिघडलंय, आज नको."

"तुम्हाला घरबसल्या बरं कळतं सगळं," मी म्हटलं.

"भिंती पातळ आहेत," हे म्हणाले आणि अडगळीच्या खोलीत जाऊन बसले. तिथे ह्यांचा बुद्धिबळाचा पट असतो. एकटेच खेळतात. निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी तासभर. मी म्हणते, खेळोत बापडे, निदान पिऊन तरी येत नाहीत.

३ मार्च, सोमवार

मुदतीला चार आठवडे राहिले. सही नाही. उद्या-परवा मीच जाणार.

जायचं म्हणजे आधी ते सगळं आठवावं लागतं. म्हणून एकदाच लिहून टाकते.

सासूबाई शेवटचे पाच महिने अंथरुणावर होत्या. त्यांची खाट पलीकडे, थोरल्या जावेच्या घरात. मधलं दार दिवसभर उघडंच असायचं. सकाळ थोरलीची, संध्याकाळ माझी, अशी पाळी होती. एका संध्याकाळी मी कामावरून आले तर सासूबाई ओल्या चादरीवर, तोंड कोरडं पडलेलं, कण्हत होत्या. थोरली अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "माणसाला असं टाकून देण्यापेक्षा गळा दाबा." आठ दिवसांनी सासूबाई गेल्या. थोरली माझ्याशी त्यानंतर एक शब्द बोलली नाही. मी ह्यांना सांगितलं, ते दार बंद करा, नाहीतर मी या घरात राहत नाही.

चादर ओली होती हे खरं. पण त्या दिवशी आमच्याकडे हॉस्पिटलात रेकॉर्डची तपासणी होती आणि मी तीन तास उशिरा आले होते. पाळी माझी होती. थोरलीने सकाळपासून तीन चादरी बदलल्या होत्या. अंगणात ती त्याच काढत होती. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे. लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटत नाही.

६ मार्च, गुरुवार

गेले. अर्ज पदराआड धरला होता. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातली गत.

थोरलीने दार उघडलं. केस पांढरे झालेत. रस्त्यात लांबून दिसते तेव्हा हे कळत नव्हतं. माझ्याकडे बघून बाजूला झाली. "आत ये" म्हणाली नाही, पण दारही लावलं नाही.

भाऊजींची खाट त्याच भिंतीला लावली आहे. गेल्या वर्षी पडले तेव्हापासून कमरेखाली बळ नाही, हे मला माहीतच नव्हतं. मी ह्यांना नंतर विचारलं, तुम्हाला माहीत होतं? "ऐकलं होतं कुठेतरी," म्हणाले. सख्ख्या भावाचे पाय गेले आणि हे म्हणे कुठेतरी ऐकलं होतं. ह्यांच्या मनात माया म्हणून काही आहे की नाही?

भाऊजी हसले. "ये ग धाकटे. बैस." आवाज तोच. उशाशी भिंतीवर कॅलेंडर, गेल्या वर्षीचं. शेजारी स्टुलावर बुद्धिबळाचा पट, डाव अर्धा मांडलेला. थोरलीला बुद्धिबळ येतं हे मला नवं होतं.

मी अर्ज पुढे केला. भाऊजींनी सगळा वाचला. मग कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पक्की भिंत घालणार?"

"हो."

"विकून जाणार तुम्ही दोघं?"

"हो. लेकीकडे."

"छोट्या काय म्हणतो?"

छोट्या म्हणजे हे. अडुसष्टाव्या वर्षी छोट्या! मी म्हटलं, "ते कधी काय म्हणालेत? मी म्हणते तेच त्यांचं."

भाऊजी बराच वेळ पेन हातात धरून बसले. मग सही केली. थोरली दारापर्यंत आली. मला वाटलं आता बोलेल. मीही तोंड उघडलं होतं. चादरींचं सांगायचं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "पायरी मोडली आहे, जपून," आणि दार लागलं.

एकोणीस वर्षांनी पायरीवर बोलली. मी तेवढंच घेऊन घरी आले.

१० मार्च, सोमवार

विटा काढायला अर्धा तासही लागला नाही. गवंडी म्हणाला, "बाई, हे बांधकाम नव्हे, ही मांडणी." पहिली वीट त्याने काढली ती तीच मोकळी. बाकीच्या आपोआप आल्यासारख्या आल्या.

धूळ बसली आणि पलीकडची खाट दिसली, भाऊजी दिसले. हे माझ्या मागे उभे होते. मला वाटलं, आता गळ्यात पडतील, रडतील. मीसुद्धा पदर हातात धरला होता.

भाऊजींनी ह्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "काय रे, कालपासून उंट हलवला नाहीस."

हे म्हणाले, "हलवतो. विचार करतोय."

मी मूर्ख नाही. उशीर लागला, पण मूर्ख नाही. कपाटाला पाठ नाही. कॅलेंडर गेल्या वर्षीचं, नेमकं त्या विटेच्या जागी. वीट पुसलेली. दादा झोपलाय, दादाचं पोट बिघडलंय. इकडे एक पट, तिकडे एक पट, आणि दोघांवर एकच डाव.

 गवंडी जेवायला गेल्यावर विचारलं, "किती वर्षं?"

"पहिल्यापासून."

"आणि मी कामावर असायचे तेव्हा? तुमच्या सुट्टीच्या दिवशी? पाळी बदलून घरी असायचात तेव्हा?"

"तेव्हा पुढच्या दाराने जायचो. कामाच्या दिवशीही दुपारी यायचो. वहिनी जेवायला वाढायच्या."

म्हणजे मी सकाळी उठून भरलेला डबा कोण खात होतं? विचारलं. "वर्कशॉपमधला राखणदार," म्हणाले. माझ्या डब्याचं त्याने फार कौतुक केलं होतं म्हणे.

हसू आलं असतं, दुसऱ्या कुणाच्या घरी घडलं असतं तर.

"मला सांगितलं का नाहीत?"

"तू म्हणालीस दार बंद करा, नाहीतर मी राहत नाही. मी दार बंद केलं. तू राहिलीस." एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. चढवला असता तर भांडता तरी आलं असतं.

१२ मार्च, बुधवार

दोन दिवस मधे नुसती चादर टांगली होती. जुनी कड झाडून, ओली करून ठेवावी लागते म्हणे, नाहीतर नवा सिमेंटचा माल धरत नाही. दोन्ही दिवस हे चादरीपलीकडेच होते. थोरलीच्या बांगड्या वाजत होत्या. कुणीतरी माझ्यासाठी चहाचा कप चादरीखालून सरकवून ठेवला. मी तो घेतला, प्यायले, धुऊन परत ठेवला. कुणी ठेवला हे विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आज इंजिनीअर मुलगी आली. म्हणाली, "काकू, अजून विचार करा. दार बसवलं तर एक कागद कमी होईल."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. पलीकडून भाऊजींनीही पाहिलं असणार, चादर हलली. दोन मिनिटं माझं मन डळमळलं, लपवत नाही. पण लेकीचे दिवस भरत आलेत, घेणारे थांबणार नाहीत. आणि राग गेला नव्हता. एकोणीस वर्षं मला सोडून सगळे एक होते. गवंड्याला म्हटलं, "घाल भिंत. टाचणी जाऊ नये अशी घाल."

त्याने घातली. एकेक वीट जुन्या भिंतीत गुंतवून, थरावर थर. हे शेवटपर्यंत उभे होते. शेवटचे दोन थर राहिले तेव्हा भाऊजी तिकडून म्हणाले, "छोट्या, आवाज येतोय का?"

"येतोय."

"आता?"

गवंड्याने वीट बसवली. हे काहीतरी बोलले ते मलाही ऐकू आलं नाही.

१८ मार्च, मंगळवार

बांधकाम कार्यालयाचे साहेब येऊन गेले. सात मिनिटांत तिन्ही ठिकाणं पाहिली. नव्या भिंतीवर हात फिरवून म्हणाले, "अशी भिंत हल्ली कोणी घालत नाही." मला त्यांचा राग आला. उगाचच, त्यांचं काय चुकलं?

हे आता संध्याकाळी अडगळीच्या खोलीत जात नाहीत. पट गुंडाळून ठेवला. सरळ पुढच्या दाराने, चपला घालून, माझ्या डोळ्यांदेखत दादाकडे जातात. सांगून जातात. आता लपवायला काही राहिलं नाही, तर निदान मोकळेपणाने जावं. मीही अडवत नाही.

२४ मार्च, सोमवार

दाखला हातात आला. तीन बदल, तीन ओळी, गोल शिक्का. मी पुन्हा पुन्हा वाचला. तिसरी ओळ: "दोन सदनिकांमधील दार कायमस्वरूपी बंद केल्याचे आढळले." पस्तीस वर्षं असल्याच ओळी फायलींना लावल्या. आनंद व्हायला हवा. झोप येते आहे फक्त.

लेकीला कळवलं. ती ह्यांच्याशी बराच वेळ बोलली. फोन ठेवताना तिचा आवाज रडवेला वाटला. बाबांशी काय बोलत होतीस विचारलं तर म्हणाली, "काही नाही ग, असंच." या दिवसांत होतं तसं.

२७ मार्च, गुरुवार

खरेदीखत झालं. त्या मास्तरणीने माझे हात हातात घेतले. चांगली आहेत माणसं.

परत येताना हे म्हणाले, "माझी सही झाली. आता माझ्यावाचून काही अडत नाही ना?" मी म्हटलं, कशाला अडेल? "बरं," म्हणाले, आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले.

सामानाची बांधाबांध चालू आहे. माझ्या नावाची अकरा खोकी झाली. ह्यांची एकच बॅग, तीही अर्धी. "तुझं सामान आधी जाऊ दे," म्हणतात. हत्यारांचं कपाट गवंड्याला देऊन टाकलं. मी म्हटलं, लेकीकडे खिळा ठोकायची वेळ आली तर? "जावई आहे की."

थोरलीने आज दुसरी गादी उन्हात टाकली होती. पाहुणे येणार असतील.

१ एप्रिल, मंगळवार

लेकीच्या टेबलाशी बसून लिहिते आहे. काल लिहिणं झालं नाही.

काल सकाळी नऊला टेम्पो आला. अकराच्या सुमारास घर रिकामं झालं. रिकाम्या घरात माणसाचं बोलणं घुमतं, म्हणून सगळे हळू बोलत होते. मी किल्ल्या दलालाला दिल्या. हे धुतलेला सदरा घालून पायरीवर उभे होते, हातात बॅग. मी म्हटलं, बॅग टेम्पोत टाका.

"मी इथेच राहीन म्हणतो," हे म्हणाले. "पलीकडे. दादा आहे तोवर."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. म्हटलं, किती दिवस?

"ते कसं सांगणार? त्याला उठवायला, बसवायला माणूस लागतं. वहिनींच्याने होत नाही आता. जुनी भिंत होती तोवर निदान बोलून तरी..." बॅग दुसऱ्या हातात घेतली. "तू जा. तिला तुझी गरज आहे. मी लेकीला सांगितलंय."

तिला सांगितलंय. म्हणजे पुन्हा मी सोडून सगळ्यांना ठाऊक.

चाळीस वर्षांत ह्यांनी मला एकदाही नाही म्हटलं नव्हतं. मला भांडता येतं, जगाला माहीत आहे.  राग आला असता तर बरं झालं असतं. मला भीती वाटली. या माणसाशिवाय मी एकटी प्रवास कधी केलाच नाही, हे त्या क्षणी लक्षात आलं. म्हटलं, "मी थांबू का?" आयुष्यात पहिल्यांदा ह्यांना विचारलं.

"घर विकलंय ग," हे म्हणाले. मायेने म्हणाले. तेच फार लागलं.

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. मी त्याला थांब म्हटलं आणि पर्समधला कागद काढून पलीकडे गेले. ह्यांच्या औषधांची यादी. लेकीच्या गावातल्या नव्या डॉक्टरसाठी मी ती सुवाच्य लिहून ठेवली होती, नाव, वेळ, किती. रेकॉर्डवाली ना मी.

थोरली दारातच होती. तिच्यामागे दुसरी खाट मांडलेली दिसली, स्वच्छ चादर घालून. मी यादी तिच्या हातात दिली. म्हटलं, "सकाळची पांढरी जेवणाआधी. ती चुकली की दम लागतो. दुपारी काही नाही. रात्री ही एक."

तिने यादी डोळ्यांजवळ नेऊन वाचली. हळूच म्हणाली, "रात्रीची आता अर्धी."

"कधीपासून?"

"डिसेंबरपासून. एकदा चक्कर येऊन बसले होते ना, तेव्हा डॉक्टरांनी कमी केली." माझा चेहरा तिला दिसला असावा. पुढे म्हणाली, "तुला काळजी नको म्हणून सांगितलं नसेल."

चादरींचं मला तेव्हाच सांगायचं होतं. तीन चादरी, पाळी माझी. ते जिभेपर्यंत आलं होतं. पण डोळे भरून आले आणि नुसतं एवढंच म्हणता आलं, "वहिनी, पेन आहे का?"

तिने पेन आणून दिलं. यादी तिच्या दाराला टेकवून मी 'एक' खोडलं, वर 'अर्धी' लिहिलं. बाजूला सही केली आणि तारीख टाकली. मग टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.